वीस बोंडांत तीन किडकी: बोरीकाठच्या एका कपाशीचा हिशोब

पोळा होऊन चार-पाच दिवस झाले असतील. सकाळी साडेसहाला आबांचा फोन. आबा म्हणजे माझे चुलते. "वीस बोंडं फोडात, तीन किडेल निंघनात. पंधरा टक्का व्हयना ना? मंग फवारू का नको?" मी धुळ्याला कॉलेजात संख्याशास्त्र शिकवतो, याचं आबांना एरवी फारसं कौतुक नाही. त्या दिवशी मात्र प्रश्नच टक्केवारीचा होता, म्हणून फोन मला आला.

शेत अमळनेर तालुक्यात, बोरी नदीच्या काठाला. पाच एकर काळी जमीन, ठिबकवर मेअखेरीस लावलेली पूर्वहंगामी कपाशी. खान्देशात ही जुनी सवय आहे: विहिरीला पाणी असलं की पावसाची वाट न बघता कापूस लावायचा. पीक लवकर हाती येतं, पण आधी फुलावर आणि बोंडावर आल्यामुळे गुलाबी बोंडअळीलाही आधीच घर मिळतं. दोन जनुकं घातलेलं बीटी बियाणं २००६ पासून आपल्याकडे आहे. तेही या अळीला आता पुरत नाही, हे २०१७ च्या हंगामात महाराष्ट्रातल्या कापूसवाल्यांनी चांगलंच पाहिलं.

या अळीची खोड अशी की ती बाहेरून दिसत नाही. अंड्यातून निघालेली बारीक अळी कोवळ्या बोंडात शिरते आणि तिच्या मागे भोक बुजून जातं. बोंड वरून हिरवंगार, टणक, आणि आत सरकी खाऊन कवडी झालेली. फुलात शिरली तर पाकळ्या एकमेकींना चिकटून डोमकळी होते, ती तरी लांबून ओळखता येते. बोंडाचं तसं नाही, ते फोडूनच बघावं लागतं. आणि सगळी बोंडं फोडून बघायची तर मग वेचायचं काय? म्हणून नमुना घ्यावा लागतो.

शिफारस साधी आहे आणि बहुतेकांना पाठ आहे. एकरी २० हिरवी बोंडं फोडायची. दहा टक्के म्हणजे २ किंवा अधिक किडकी निघाली, की नुकसानीची पातळी ओलांडली असं समजून फवारायचं. जोडीला कामगंध सापळे, म्हणजे मादीच्या वासाने नर पतंग ओढणारे: एका सापळ्यात सलग तीन रात्री रोज आठ-दहा पतंग आले तर तोही इशारा.

आबांच्या वीसमध्ये तीन निघाली होती. कृषी केंद्रवाल्याने औषधाचे डबे काढूनही ठेवले होते. फोनवर मी एवढंच विचारलं, "आबा, वीस बोंडं एकरी की सगळ्या पाच एकरांत मिळून?" पलीकडे जरा शांतता. "सगळ्या वावरात इसच."

वीस बोंडं काय सांगू शकतात

परिकल्पना चाचणीची मांडणी इथे अशी होते. शून्य परिकल्पना: शेतातल्या सगळ्या हिरव्या बोंडांपैकी किडक्यांचं खरं प्रमाण दहा टक्के किंवा त्याहून कमी आहे. पर्यायी परिकल्पना: ते दहा टक्क्यांच्या वर आहे. मग विचारायचं की खरं प्रमाण नेमकं दहा टक्के असतं, तर वीसमध्ये तीन किंवा त्याहून जास्त किडकी निव्वळ योगायोगाने किती वेळा निघाली असती? द्विपद वितरणाने (प्रत्येक बोंड किडकं किंवा चांगलं, या दोनच शक्यतांचं गणित) हिशोब केला तर उत्तर येतं ०.३२. म्हणजे शंभर माणसांनी अशी वीस-वीस बोंडं तोडली, तर बत्तीस जणांच्या हाती तीन किंवा जास्त किडकी येतील, आणि शेत मात्र बरोब्बर उंबरठ्यावरच असेल. हा काही पुरावा म्हणता येत नाही.

उलट बाजूही बघायला हवी, कारण गावात तीच जास्त घडते. खरं प्रमाण दहा टक्के असताना वीसात एकही किडकं न निघण्याची शक्यता बारा टक्के आहे. साधारण आठांत एक शेतकरी "आपलं वावर साफ शे" म्हणून निवांत झोपणार, आणि अळी आत सरकी खात बसणार.

विश्वास अंतराल, म्हणजे खरं प्रमाण कुठून कुठपर्यंत असू शकतं याचा पट्टा, काढलं तर चित्र आणखी उघडं पडतं. पाठ्यपुस्तकात सगळ्यात आधी शिकवतात त्या सूत्राने, म्हणजे नमुन्याचं प्रमाण अधिक-उणे १.९६ पट प्रमाण त्रुटी (नमुन्यागणिक प्रमाण साधारण किती हलतं ते), ९५ टक्क्यांचं अंतराल येतं उणे ०.६ टक्के ते ३०.६ टक्के. किडकी बोंडं उणे अर्धा टक्का! वर्गात हे उदाहरण मी आता दरवर्षी वापरतो. सूत्र चुकलेलं नाही, ते चुकीच्या जागी वापरलंय. नमुना लहान आणि प्रमाण शून्याच्या जवळ असलं की सामान्य वितरणाचा, म्हणजे घंटेच्या आकाराच्या वक्राचा, आधार घेणारं हे सूत्र लंगडतं. 'n गुणिले p' आणि 'n गुणिले (१−p)' दोन्ही निदान दहाच्या वर असावेत असा जो संकेत आहे, तो याचसाठी. इथे पहिला आकडा तीनच आहे. १९२७ मध्ये विल्सन यांनी सुचवलेली पद्धत अशा ठिकाणी बरी वागते. तिच्याने अंतराल येतं ५ टक्के ते ३६ टक्के. क्लॉपर आणि पिअरसन यांची १९३४ ची नेमकी पद्धत थोडी जास्तच सावध, ती ३ ते ३८ म्हणते.

पाच टक्के असेल तर फवारायची गरज नाही, छत्तीस असेल तर आधीच उशीर झालाय. आबांच्या वीस बोंडांना यांतलं काय खरं ते माहीत नव्हतं. त्यांचा पंधरा टक्के हा आकडा खोटा नव्हता, पण तो एकटाच उभा होता.

एक गोष्ट मात्र शिफारशीच्या बाजूने सांगायलाच हवी, कारण संख्याशास्त्राची माणसं अंगठ्याच्या नियमांना हसतात आणि ते मला पटत नाही. एकरी वीसात दोन हा नियम मुद्दामच फवारणीकडे झुकलेला आहे. खरं प्रमाण वीस टक्के असताना तो चुकून "फवारू नका" म्हणेल अशी वेळ शंभरात सातदाच येते. पाच टक्के असताना उगाच "फवारा" म्हणेल अशी वेळ शंभरात सव्वीसदा. ज्याने हा नियम बसवला त्याला कुठली चूक महाग पडते ते ठाऊक होतं. घोटाळा आबांनी केला होता: एका एकराचा नियम पाच एकरांवर पसरला.

दोनशे बोंडं, आणि चिठ्ठ्या

रविवारी मी गावी गेलो. किती बोंडं हवीत याचा हिशोब बसमध्येच केला. प्रमाण दहा टक्क्यांच्या आसपास धरून तीन टक्क्यांपर्यंत अचूकता हवी तर ३८५ बोंडं लागतात, पाच टक्क्यांपर्यंत चालणार असेल तर १३९. मधलं काहीतरी म्हणून दोनशे, एकरी चाळीस. आबांचा पहिला आक्षेप नुकसानीचा. एका बोंडाचा चार ग्रॅम कापूस धरला तर दोनशे बोंडं म्हणजे ८०० ग्रॅम. किलोभरही नाही. यावर ते गप्प झाले. त्यांचा दुसरा प्रश्न जास्त खोलातला होता: वावरात लाखांनी बोंडं, त्यात तुझी दोनशे म्हणजे काय?

शितावरून भाताची परीक्षा आपण करतोच. पातेलं एवढंसं असो की लग्नाच्या पंगतीचं, शितं तेवढीच लागतात. अचूकता नमुन्यात किती बोंडं आहेत यावर ठरते. शेताच्या किती टक्के बोंडं घेतली याला इथे जवळजवळ काही अर्थ नसतो. फक्त पातेलं ढवळलेलं हवं. आणि शेत कुणी ढवळत नाही, ही सगळी गोम.

आबांनी पहिली वीस बोंडं कुठून तोडली होती, ते मी त्यांना चालून दाखवायला सांगितलं. ते पश्चिमेच्या बांधावरून गेले, कारण घर तिकडे. हात पुरेल तिथली बोंडं, काठाच्या दोन-तीन ओळींतली. आणि त्याच बांधाला लागून गेल्या वर्षीच्या पऱ्हाटीची, म्हणजे कापसाच्या वाळक्या झाडांची, गंजी होती, चुलीसाठी ठेवलेली. गुलाबी बोंडअळी सुप्तावस्थेत अशाच पऱ्हाटीतल्या वाळक्या बोंडांत आणि सरकीत राहते. तिथून निघालेल्या पतंगाला फार लांब जायची गरज नसते.

इथे पांडुरंग वासुदेव सुखात्मे आठवल्याशिवाय राहत नाहीत. साताऱ्याकडचा हा संख्याशास्त्रज्ञ, लंडनला नेमन या नामवंत संख्याशास्त्रज्ञाच्या हाताखाली काम करून आलेला. परत आल्यावर पीक-कापणी प्रयोगांत त्यांनी दाखवलं की फार लहान तुकडे कापून उत्पन्न मोजलं तर ते खऱ्यापेक्षा जास्त भरतं, कारण काठावरची ताटं आत घ्यायची की बाहेर ठेवायची या प्रत्येक शंकेत माणसाचा कल ती आत ओढण्याकडे असतो. अशा कलाने येणारी चूक नमुना मोठा करून जात नाही. आबांनी त्याच बांधावरून दोनशे तोडली असती तर उत्तर नुसतं जास्त ठामपणे चुकलं असतं.

म्हणून चिठ्ठ्या. प्रत्येक एकराच्या ओळी मोजल्या, मोबाइलवर यादृच्छिक आकडे काढले: अमुक ओळ, तमुक पावलं. त्या झाडावरून एकच बोंड घ्यायचं, मधल्या वयाचं, ना अगदी कोवळं ना पिकत आलेलं. चुलतभावाने दोन तास वैतागून का होईना, नेमकं तसंच केलं. "किडकं" कशाला म्हणायचं हेही फोडण्याआधी ठरवलं: आत जिवंत अळी, किंवा सालीच्या आतल्या बाजूला अळी शिरल्याची खूण आणि खाल्लेली सरकी. आणि वहीत मी एक वाक्य तारखेसकट लिहून ठेवलं: पश्चिमेचे दोन एकर आणि पूर्वेचे तीन एकर यांत फरक असेल अशी शंका आहे, कारण गंजी. हे वाक्य आधी लिहिणं किती कामाचं होतं ते पुढे कळेल.

सत्तावीस

ओट्यावर बसून दोनशे बोंडं फोडली. सत्तावीस किडकी. १३.५ टक्के.

आता चाचणी. शून्य परिकल्पनेखाली अपेक्षित वीस, प्रमाण त्रुटी २.१२ टक्के, झेड, म्हणजे फरक प्रमाण त्रुटीच्या किती पट ते, = ३.५ भागिले २.१२ = १.६५. एकतर्फी पी-मूल्य, म्हणजे खरं प्रमाण दहा टक्केच असताना एवढी किंवा जास्त किडकी योगायोगाने निघण्याची शक्यता, ०.०४९५. पाच टक्क्यांच्या सार्थकता पातळीच्या (पी-मूल्य हिच्या खाली गेलं की शून्य परिकल्पना फेटाळायची असा रिवाज) केसभर आत! शून्य परिकल्पना फेटाळली, फवारा.

पण हेच उत्तर सामान्य वितरणाची कुबडी न घेता, सरळ द्विपद वितरणाने काढलं तर पी-मूल्य ०.०६७ येतं. फेटाळता येत नाही, फवारू नका. तेच शेत, तीच दोनशे बोंडं. विद्यार्थ्यांना हा खेळ वाटतो. मला तो इशारा वाटतो. ज्या निर्णयाचं तोंड सूत्र बदललं की फिरतं, तो निर्णय त्या सूत्रावर सोपवू नये.

त्याहून मोठी गोष्ट पुढे आली. सत्तावीसमधल्या तीन बोंडांवर माझं आणि चुलतभावाचं एकमत नव्हतं. आत डाग होता, अळी नव्हती. तो म्हणे किडकं, मी म्हणे रस शोषणाऱ्या किडीचा डाग असेल. ती तीन काढून टाकली तर दोनशेत चोवीस, आणि नेमकं पी-मूल्य ०.२०. म्हणजे ०.०४९५ की ०.०६७ यावर आपण वाद घालत बसलो होतो, आणि खरी अनिश्चितता आमच्या दोघांच्या डोळ्यांत होती, त्याच्या कित्येक पट.

विश्वास अंतराल इथे जास्त प्रामाणिक बोलतं. विल्सन पद्धतीने २७ बोंडांवर ९.४ ते १८.९ टक्के. या रीतीने शंभर वेळा नमुने घेऊन शंभर अंतरालं काढली, तर सुमारे पंच्याण्णवांत शेताचं खरं प्रमाण सापडेल, एवढाच त्या ९५ चा अर्थ. ते वाचून माणूस म्हणतो: दहाच्या वर असण्याची लक्षणं आहेत, फार वर नसेल, आणि दहाच्या किंचित खाली असण्याचीही सोय उरते. "सार्थ" किंवा "असार्थ" या एका शब्दात हे मावत नाही.

आबांना मी अंतराल सांगितलं. ते म्हणाले, "नऊ ते एकोणीस. मंग मी काय अर्धा डबा फवारू?" थट्टा होती, पण उत्तर जवळपास तेच निघालं.

गंजीकडची बाजू

वहीतलं वाक्य उघडलं आणि मोजणी दोन भागांत मांडली. पश्चिमेचे दोन एकर: ८० बोंडांत १९ किडकी, २३.७५ टक्के. पूर्वेचे तीन एकर: १२० बोंडांत ८, म्हणजे ६.७ टक्के.

दोन प्रमाणांच्या फरकाची चाचणी करताना शून्य परिकल्पना असते की दोन्ही भागांत प्रमाण एकच आहे. म्हणून प्रमाण त्रुटी काढताना दोन्ही नमुने एकत्र करून आलेलं १३.५ टक्के वापरायचं. ती येते ४.९ टक्के. फरक १७.१ टक्के, झेड ३.४६, दुतर्फी (फरक कुठल्याही बाजूला चालेल असं धरून) पी-मूल्य सुमारे ०.०००५. फरकाचं अंतराल काढताना मात्र "दोन्ही सारखे" हे गृहीत सोडून द्यायचं असतं, तिथे प्रत्येक भागाचं स्वतःचं प्रमाण घ्यावं लागतं. परीक्षेत मुलं हमखास इथे घसरतात. ते अंतराल ६.७ ते २७.४ टक्के. वादातली तीन बोंडं काढली (दोन पश्चिमेची, एक पूर्वेचं) तरी झेड ३.२९ राहतो. हा निष्कर्ष सूत्र बदलून किंवा डोळे बदलून हलत नाही.

शंका आधी लिहिली नसती तर? तर मी मोजणी झाल्यावर शेत उभं कापलं असतं, आडवं कापलं असतं, पाण्याच्या टाकीपासून मोजलं असतं, आणि कुठे ना कुठे फरक सापडलाच असता. दहा तऱ्हांनी कापलं तर एखाद्या तऱ्हेत पी-मूल्य ०.०५ च्या खाली जाणं हे नवल नाही. एकच तऱ्हा, आधी लिहिलेली आणि कारणासकट, म्हणून ०.०००५ ला वजन.

आता १३.५ टक्के हा आकडा कशाचा होता? अशा शेताचा, जे कुठेच नव्हतं. पश्चिमेला प्रमाण १५.८ ते ३४.१ टक्क्यांच्या दरम्यान, खालची कडही दहाच्या बरीच वर. पूर्वेला ३.४ ते १२.६. दोघांची सरासरी काढून आम्ही उंबरठ्यावर उभे होतो आणि उंबरठा कुठल्याच एकरात नव्हता.

पश्चिमेचे दोन एकर त्याच संध्याकाळी फवारले. पूर्वेबद्दल मी आबांना नीट सांगितलं की ६.७ टक्के दिसले म्हणून ते दहाच्या खाली आहे असं सिद्ध होत नाही. उलटी चाचणी घेतली, म्हणजे "दहा किंवा जास्त आहे" हीच शून्य परिकल्पना धरली, तर पी-मूल्य ०.११ येतं. तीही फेटाळता येत नाही. पुरावा नाही एवढंच, कीड नाही असं नव्हे. फवारणी उगाच झाली तर पैसा जातो, मित्रकीटक मरतात, आणि काही औषधांनी पांढरी माशी उलट बळावते. फवारणी चुकली तर कवडी कापूस. या दोन चुकांची किंमत कुणी मोजायची आहे? आबांनी. म्हणून शून्य परिकल्पना कुठली धरायची हे ठरवायचा हक्कही खरं तर त्यांचाच. ते म्हणाले, आठ दिवस थांबू, पुन्हा फोडू.

आठ दिवसांनी चुलतभावाने चिठ्ठ्या काढून पूर्वेची १२० बोंडं फोडली. अकरा किडकी, ९.२ टक्के. ८ वरून ११: हा फरक योगायोगाने सहज येण्यासारखा (झेड ०.७२), वाढलं असं छातीठोक म्हणता येत नाही, हे मी फोनवर सांगितलं. पण त्याच सुमारास सलग तीन रात्री पूर्वेच्या सापळ्यात नऊ, आठ, दहा पतंग आले होते. आबा म्हणाले, "तुना हिशोब बरा शे, पन आळी काय तुना हिशोब वाचीसन येत नही," आणि पूर्वेलाही फवारलं. बोंडं आणि सापळे ही दोन वेगळी साक्ष होती. मी फक्त एकीचीच उलटतपासणी घेतली होती, तेव्हा त्यांना अडवण्याइतकं माझ्याकडे काही नव्हतं.

दिवाळीला गेलो तेव्हा पऱ्हाटीची गंजी जागेवर नव्हती. काकू म्हणाल्या, गॅसचा नंबर लावलाय, दोन सिलिंडर आणायला सांग. पूर्वेच्या बांधावर मात्र शेजाऱ्याची गंजी तशीच उभी होती, आणि तिच्याकडे बोट दाखवून आबांनी मला विचारलं, पुढच्या खेपेला चिठ्ठ्या कुठून टाकायच्या.